संकल्पाचे उदक

आपल्याकडे कोणत्याही धर्मकृत्याचा आरंभ संकल्पाने होतो. यजमान उजव्या हातावर पळीभर पाणी घेतो, आणि आपण काय करणार आहोत हे सांगण्यापूर्वी आपण कोठे बसलो आहोत व काळाच्या कोणत्या बिंदूवर आहोत, याचा उच्चार करतो. देश सांगून झाला, काळ सांगून झाला, की तो आपले गोत्र व नाव सांगतो. मग करावयाचे कृत्य सांगतो आणि हातावरचे पाणी ताम्हनात सोडतो. ज्यांचा या विधीवर विश्वास उरलेला नाही त्यांनाही त्यातील विचाराची शिस्त मान्य व्हावी. कोठे, केव्हा, कोण आणि काय, या चार प्रश्नांची उत्तरे दिल्यावाचून संकल्प पुरा होत नाही. आणि पाचवी अट तर इतकी उघड आहे की ती कोणी मुखाने बोलतही नाही. ती अशी की, पाणी ज्याच्या हातावरून सुटायचे, दिली जाणारी वस्तू त्याचीच असली पाहिजे. ती दुसऱ्याची असेल, तर त्या दानाला आपल्या भाषेत वेगळे नाव आहे. त्याला आपण हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतो.

अलीकडे व्यक्तींप्रमाणे नगरेही संकल्प सोडू लागली आहेत. मुंबई महानगरपालिकेने १३ मार्च २०२२ रोजी आपला वातावरण कृती आराखडा प्रसिद्ध केला. २०५० सालापर्यंत शहराच्या नावे पडणारे कर्बवायूंचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणावयाचे, आणि त्या वाटेवर २०१९ च्या मानाने २०३० पर्यंत तीस टक्के व २०४० पर्यंत चव्वेचाळीस टक्के घट साधावयाची, असे त्यात ठरले. भारत सरकारने २०२१ मध्ये ग्लासगो येथे याच कामासाठी २०७० हे वर्ष जाहीर केले होते. मुंबईने देशाच्या वीस वर्षे आधी पोहोचण्याचे मनावर घेतले. आराखड्यातील हिशेबाप्रमाणे २०१९ साली मुंबईचे उत्सर्जन सुमारे दोन कोटी चौतीस लाख टन, म्हणजे माणशी १.८ टन होते. त्यातील जवळजवळ बहात्तर टक्के वीज व इंधन यांच्या वापरातून, वीस टक्के वाहतुकीतून आणि उरलेले आठ टक्के कचऱ्यातून होते. तात्पर्य, हा संकल्प प्रामुख्याने विजेविषयीचा आहे. कोळशाची वीज सोडून सूर्य, वारा व पाणी यांची वीज घ्यावयाची, हा त्याचा गाभा होय.

संकल्प स्तुत्य आहे, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. त्या एका दिवसाच्या पावसाचा दोष एकट्या कर्बवायूवर कोणी टाकू नये. परंतु तापत्या जगात असे दिवस अधिक वेळा येतील, हे शास्त्रज्ञ सांगत आहेत, आणि समुद्रात भर घालून उभ्या राहिलेल्या नगराने ते ऐकावे हेच शहाणपणाचे. प्रश्न संकल्प करावा की नाही, हा नाहीच. नगर जेव्हा संकल्प सोडते तेव्हा पाणी कोणाच्या हातावरून सुटते, हा खरा प्रश्न आहे.

त्यातील काळाविषयीची शंका प्रथम घेऊ. ज्यांनी हा आराखडा जाहीर केला, त्यांपैकी फारच थोडे २०५० साली अधिकारपदावर असतील. आज वचन द्यावयाचे आणि ते पाळण्याचा भार आज पाळण्यात असलेल्या मुलांवर टाकावयाचा, यात वचन देणाऱ्याचे काय जाते, असे कोणी विचारील. सरकारी नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या आपल्यासारख्यांना या शंकेचे उत्तर शोधण्यासाठी लांब जावे लागत नाही. आपण बदलीच्या गावी रुजू होतो तेव्हा आधीच्या माणसाने दिलेली वचने, त्याने टाकलेल्या सह्या व त्याने अर्धवट ठेवलेली कामे कार्यभाराबरोबर आपल्याकडे येतात. माणसे बदलतात, आसन टिकते. नगर हे असेच टिकणारे आसन असल्यामुळे त्याला तीस वर्षांचे वचन देता येते. मात्र त्या वचनाची नोंद वर्षानुवर्षे उघडी राहिली पाहिजे, म्हणजे नव्याने आलेल्यास आपण कोठे उभे आहोत ते कळेल.

या बाबतीत कोपनहेगनचा दाखला बोधप्रद आहे. २०२५ सालापर्यंत जगातील पहिली कर्बमुक्त राजधानी व्हावयाचे, असे त्या नगराने २००९ मध्ये ठरविले आणि २०१२ मध्ये त्याचा तपशीलवार आराखडा केला. कचरा जाळून वीज व उष्णता निर्माण करणाऱ्या तेथील कारखान्याचा धूर पकडून साठविण्याची योजना त्या आराखड्याच्या पूर्ततेसाठी आवश्यक होती. तिला अर्थसाहाय्य मिळाले नाही, आणि मुदतीस तीन वर्षे असतानाच, २०२२ साली, आपले उद्दिष्ट वेळेत गाठले जाणार नाही, असे नगराने उघडपणे सांगितले. तोवर त्याचे उत्सर्जन पुष्कळच घटले होते. तरीही त्याच्या हिशेबातील एक रकाना विचार करावयास लावणारा आहे. रस्त्यांवरील मोटारींचा जो धूर आटोक्यात येणार नव्हता, तो नगराने उभारलेल्या पवनचक्क्यांची जादा वीज बाहेर पाठवून कागदावर वळता करून घ्यावयाचा होता. संकल्प चुकला याचे दुःख मोठे नव्हे. प्रामाणिक वहीत उणे पडलेला आकडा सन्मानाने वाचता येतो. हिशेब जुळविण्यासाठी हद्दीबाहेरच्या गोष्टी आत ओढण्याचा अथवा हद्दीतल्या बाहेर ढकलण्याचा मोह अधिक चिंतेचा आहे. येथूनच आपण काळाच्या शंकेकडून देशाच्या शंकेकडे येतो.

मुंबईच्या हिशेबाची पद्धत या दृष्टीने बरीच सचोटीची आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. शहराच्या सीमेबाहेर कोळसा जळला, परंतु त्याची वीज शहरात वापरली गेली, तर तो धूर शहराच्याच नावे मांडला जातो. डहाणूला धूर निघाला म्हणून अंधेरीच्या दिव्याला निष्पाप ठरता येत नाही. परंतु ही वही टनांची आहे. तीत धुराला रकाना आहे, जमिनीला नाही. धुराच्या ऐवजी दुसऱ्या कोणाची जमीन, पाणी अथवा कुरण खर्ची पडले, तर वहीत ते कोठेच दिसत नाही. उलट टनांचा आकडा खाली येतो आणि पान अधिक स्वच्छ दिसते.

स्वच्छ विजेसाठी मुंबईने बाहेरची जमीन घेण्याचा हा पहिलाच प्रसंग असता, तर ही शंका निव्वळ तात्त्विक राहिली असती. तसा तो नाही. १९१५ साली खोपोलीचे वीजगृह सुरू झाले आणि सह्याद्रीच्या माथ्यावर अडविलेल्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. कोळशाच्या वाफेवर चालणाऱ्या गिरण्या पाण्याच्या विजेवर चालू लागल्या. आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर शंभर वर्षांपूर्वीची मुंबई अक्षय ऊर्जेकडे वळलेले नगर होते. भिवपुरीचे वीजगृह १९२२ मध्ये आणि भिऱ्याचे १९२७ मध्ये सुरू झाले. या भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीच्या खोऱ्यात धरण बांधले गेले, आणि त्याखाली मावळ्यांची गावे, त्यांची भातखाचरे व त्यांची देवळे बुडाली.

मुळशीचा इतिहास मराठी वाचकास नव्याने सांगावयास नको. १९२१ च्या रामनवमीस तेथे सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे व पांडुरंग महादेव बापट यांनी तो लढविला; बापटांना ‘सेनापती’ ही पदवी या लढ्याने दिली आणि तुरुंगवासही याच लढ्याने दिला. तीन वर्षांनी सत्याग्रह मावळला आणि धरण पुरे झाले. त्या वादातील एक गोष्ट मात्र आजही पुन्हा पुन्हा वाचण्यासारखी आहे. जमिनीचा मोबदला कागदावर ज्याचे नाव त्याला मिळणार होता. पुष्कळ जमीन पुण्यातील सावकारांकडे अडकलेली होती. त्यांना पैसा घेण्यात अडचण नव्हती, कारण त्यांच्या दृष्टीने जमीन हाही पैसाच होता. ती कसणाऱ्या मावळ्याला मात्र जमीनच हवी होती. पैशाने जिचे पोट भरत नाही अशी वस्तू त्याच्याकडून जात होती. एकाची संमती घेऊन दुसऱ्याचे घर बुडविले गेले. पाण्यापासून निघालेल्या त्या विजेत धुराचा कण नव्हता. ती निर्धूर होती. निर्दोष होती असे म्हणता येत नाही.

प्रस्तुत लेखक गेली काही वर्षे नोकरीनिमित्त जोधपुरास राहतो. येथून पश्चिमेस जैसलमेरकडे जाणाऱ्या रस्त्याने गेले असता पवनचक्क्यांच्या रांगा आणि निळ्याकाळ्या सौरपट्ट्यांची शेते मैलोगणती दिसतात. मुंबईच्या उपनगरांना वीज पुरविणाऱ्या कंपनीस या भागातील सातशे मेगावॅटच्या सौर व पवन प्रकल्पाची वीज २०२३ पासून मिळू लागली आहे. विलेपार्ल्याच्या एखाद्या घरातील पंखा आज काही अंशी थरच्या वाळवंटातील वाऱ्याने फिरतो. जोधपुरात राहणाऱ्या मराठी माणसास या गोष्टीचा क्षणभर अभिमान वाटतो, हे खरे आहे. परंतु येथील मेंढपाळाशी दोन शब्द बोलले की त्या अभिमानाला दुसरी बाजू दिसू लागते.

आपल्याकडे जशी देवराई, तसे येथे ओरण. एखाद्या देवतेच्या नावाने राखलेले हे माळरान. त्यातील झाड तोडावयाचे नाही, नांगर घालावयाचा नाही, पण गावाच्या शेळ्यामेंढ्या व उंट यांना तेथे चरण्याची मोकळीक, आणि पावसाचे पाणी तळ्यात उतरावे म्हणून भोवतालची जमीन मोकळी ठेवलेली. शेकडो वर्षांच्या या व्यवस्थेला सरकारी दप्तरात पुष्कळ ठिकाणी ओरण म्हणून जागाच मिळाली नाही; ती जमीन सरकारी पडीक म्हणून लागली. पडीक जमिनीला धनी नसतो, म्हणून संमती कोणाची विचारावयाची, हा प्रश्नच उद्भवत नाही. मुळशीस निदान सावकाराचे तरी नाव कागदावर होते. येथे कोणाचेच नाही. जैसलमेर जिल्ह्यातील देगराय मातेच्या ओरणासाठी ग्रामस्थांना चळवळ करावी लागली ती यामुळेच. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ रोजी राजस्थानातील अशा देवभूमींची पाहणी करून त्यांची नोंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा या नसलेल्या रकान्याला प्रथमच मोठ्या प्रमाणावर अस्तित्व मिळण्याची वाट खुली झाली.

याच माळावर माळढोक राहतो. सोलापूरजवळच्या नान्नजचे नाव ज्यांनी ऐकले असेल, त्यांना हा पक्षी परका नाही; त्याच्यासाठी महाराष्ट्रात १९७९ साली अभयारण्य झाले, परंतु आज तेथे तो क्वचितच दिसतो. उरलेले माळढोक बव्हंशी जैसलमेरच्या परिसरात आहेत आणि त्यांची संख्या दीडशेच्या आसपास, किंबहुना त्याहूनही कमी, मानली जाते. शरीराने जड आणि डोळे दोन्ही बाजूंस असल्याने या पक्ष्याला समोरची तार वेळेवर दिसत नाही व दिसली तरी झटकन वळता येत नाही. वीज वाहून नेणाऱ्या तारा त्याच्या मृत्यूचे मोठे कारण ठरल्या. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये या तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला; मार्च २०२४ मध्ये सरसकट तसे करणे शक्य नाही असे मानून तो आदेश बदलला, तज्ज्ञांची समिती नेमली, आणि त्याच निर्णयात वातावरणबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांचा हक्कही मान्य केला. येथे दोन चांगल्या गोष्टी एकमेकींसमोर उभ्या होत्या. न्यायालयापुढे चांगले आणि वाईट असा सरळ झगडा असता, तर आदेश बदलण्याची वेळ आली नसती.

यावर व्यवहारी वाचक म्हणेल की, सर्वांच्या हितापुढे थोड्यांचे नुकसान सोसावेच लागते. हा आक्षेप हलका नाही. वाळवंटातील वीज नाकारली तर दिवे विझणार नाहीत. कोळसा जळत राहील, आणि त्याचीही किंमत कोणीतरी मोजतच आहे. चंद्रपूरच्या माणसास विचारावे. महाराष्ट्राला वीज देणारे ते शहर वर्षानुवर्षे राखेत श्वास घेत आले. डहाणूस विचारावे, तो तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला आणि १९९५ मध्ये तेथेच पाचशे मेगावॅटचे औष्णिक केंद्र सुरू झाले. काहीच न करणे हीसुद्धा एक कृती असते आणि तिचेही बळी असतात. म्हणून ओरणाच्या नावाने सौरऊर्जेला सरसकट विरोध करणे मला योग्य वाटत नाही. तसा विरोध करून आपण चंद्रपूरच्या माणसाच्या छातीवर तुळशीपत्र ठेवीत असतो.

परंतु या आक्षेपात एक शब्द चोरपावलांनी शिरलेला आहे, तो म्हणजे ‘सोसावे’. कोणी सोसावे हे कोण ठरविणार? जोधपुरापासून जवळच खेजडली नावाचे गाव आहे. १७३० साली जोधपूरच्या महाराजांच्या बांधकामास लागणारा चुना भाजण्यासाठी लाकूड हवे होते, म्हणून तेथील खेजडीची झाडे तोडण्यास माणसे गेली. अमृतादेवी नावाच्या बिश्नोई स्त्रीने झाडाला मिठी मारली, आणि तिच्यामागोमाग एकूण ३६३ माणसांनी प्राण दिले. नगराची गरज खोटी नव्हती. चुन्यावाचून घरे बांधली जात नाहीत. पण गरज नगराची आणि कुऱ्हाड गावावर, हा न्याय त्या माणसांनी मानला नाही. स्वतः दिलेल्या वस्तूस त्याग म्हणतात. तीच वस्तू दुसऱ्याने घेतली म्हणजे तिला त्याग म्हणता येत नाही, मग घेणाऱ्याचा हेतू कितीही मंगल असो. वस्तू तीच, मोलही तेच. फरक देणाऱ्याच्या संमतीचा असतो, आणि नीतीचा सारा प्रदेश त्या फरकावर वसलेला आहे.

मग नगराने करावे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे संकल्पाच्या जुन्या रीतीतच याचे उत्तर आहे. प्रथम स्वतःच्या हातावर पाणी घ्यावे. आपल्या छपरांवर जेवढे ऊन पडते तेवढे आधी वापरावे. इमारती अशा बांधाव्या की त्यांना थंड ठेवण्यास वीज कमी लागेल. कचऱ्याचे ढीग शेजाऱ्यांच्या दारात वाढू देऊ नयेत. मुंबईत १९०७ पासून विजेवर धावणारी ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. आज त्याच नगरास विजेवर चालणाऱ्या सार्वजनिक गाड्यांचा विचार पुन्हा करावा लागत आहे. एवढे करूनही बाहेरून वीज लागेल, कारण एवढ्या दाट वस्तीचे नगर आपल्या उन्हावर जगू शकत नाही. तेथे दुसरी पायरी येते. ज्याच्या जमिनीवर आपला संकल्प पुरा व्हावयाचा, त्याला तो आधी कळला पाहिजे, त्याला नको म्हणता आले पाहिजे, आणि त्याने होय म्हटल्यास विजेच्या उत्पन्नात त्याचा वाटा केवळ एकदाच्या मोबदल्यापुरता नव्हे, तर वीज निघेल तोवर राहिला पाहिजे. तिसरी पायरी वहीची. टनांच्या शेजारी आणखी एक रकाना हवा. या आकड्यासाठी कोठली किती जमीन गेली, ती पूर्वी कोण वापरीत होते, आणि आज तो माणूस काय करतो, हे त्यात लिहावे.

वाचकांपैकी काहींना ही रकान्याची मागणी कारकुनी वाटेल. ती कारकुनी आहेच, आणि ती तशी असल्याची लाज बाळगण्याचे कारण मला दिसत नाही. आपण सारे जाणतो की, नमुन्यात ज्या गोष्टीला रकाना नसतो ती कार्यालयाच्या दृष्टीने घडलेलीच नसते. अन्याय नेहमी क्रूर माणसांच्या हातून होतो असे नव्हे. पुष्कळदा तो सज्जन माणसांनी बिनचूक भरलेल्या, पण अपुऱ्या नमुन्यातून होतो. ओरणापुढे ‘पडीक’ लिहिणाऱ्या कोण्या जुन्या अव्वल कारकुनाच्या मनात काही पाप नव्हते. त्याच्यापुढच्या कागदावर दुसरा शब्दच नव्हता. तरीही त्याच्या एका शब्दाने पुढील पिढ्यांची कुरणे धन्यावाचून झाली. ज्यांच्या हाती रकाने पाडण्याचे काम आहे, त्यांच्या हाती हे एवढे सामर्थ्य असते, आणि म्हणून एवढी जबाबदारीही असते.

बृहन्महाराष्ट्रात विखुरलेल्या आपणा नोकरदारांची जागा या प्रश्नात जरा वेगळी आहे. आपले आप्त नगरात आहेत आणि आपण बहुधा त्या मुलखात आहोत, जेथून नगराची वीज, कोळसा किंवा पाणी येते. कोणी सिंगरौलीस असेल, कोणी कोरब्यास, कोणी माझ्यासारखा मरुभूमीत. दिवा लावणाऱ्याचे आणि दिव्यासाठी जागा सोडणाऱ्याचे, अशी दोघांचीही घरे आपण आतून पाहिलेली आहेत. सुट्टीस घरी गेल्यावर आपण परमुलखातील हवा, पाणी व भाजीपाल्याचे भाव यांविषयी सांगतो. तेथील माणसांनी आपल्यासाठी काय सोडले आहे, हेही सांगावयास हरकत नसावी. मुंबईचा संकल्प सिद्धीस जावा, ही इच्छा तिच्यापासून दूर राहणाऱ्यांच्या मनात अधिकच उत्कट असते. २०५० साली ती वही मिटताना टनांपुढे शून्य पडावे. आणि शेजारच्या रकान्यात ज्यांची नावे असतील, त्यांनी ती वाचून मान हलवून संमती द्यावी. तसे झाले तरच त्या शून्याला आपण पूर्ण म्हणू शकू.